दहावीच्या निकालानंतर "माझी लायकीच नाही" म्हणणाऱ्या मुलीला ख्रिस्ती श्रद्धा काय सांगते?

मासुंदाकाठ (ठाणे)

नमस्कार. मी ठाण्यात आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या, वर्गाला शिकवते. मुलं पंधरा-सोळा वर्षांची, बहुतेक नुकतीच दहावी झालेली. निकाल लागल्यापासून वर्गाचा नूरच बदललाय. नव्वदच्या वर गेलेली मुलं अकरावीच्या याद्यांमध्ये गुंतलीत आणि पन्नास-पंचावन्नवाली मागच्या बाकांवर सरकलीत. त्यातली एक मुलगी मिस्साला (आमच्या उपासनेला) बायबलचं वाचन करायची. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, यशयाचा उतारा वाचावा तर तिनेच. तिने वाचनाच्या यादीतून स्वतःचं नाव काढून घेतलं. कारण विचारलं तर म्हणाली, "मिस, पुढे उभं राहायची माझी लायकी नाही. सगळ्यांना माझे मार्क माहितीयत."

मी म्हटलं, देवाच्या नजरेत तू मोलाची आहेस. त्यावर तिने विचारलं, "मग कम्युनियनच्या, म्हणजे प्रभूची भाकर घ्यायच्या, आधी आपण दर रविवारी प्रभूला सांगतो ना, की तू माझ्या घरी यावंस एवढी माझी योग्यता नाही? ते खरं की हे खरं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. 'देव सगळ्यांवर प्रेम करतो' हे वाक्य या मुलांनी बालवाडीपासून ऐकलंय, आता ते त्यांच्या कानावरून जातं. मला येत्या रविवारसाठी नीट विचार करून काहीतरी न्यायचंय. कॅथोलिक, प्रॉटेस्टंट, कुणीही लिहा. बायबलमधलं, चर्चच्या शिकवणुकीतलं, आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातलं, जे ठोस असेल ते.

ऐरोलीकर

ताई, प्रभूची स्तुती असो. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, प्रॉटेस्टंट. मी येशूच्या बाप्तिस्म्यापासून सुरुवात करेन.

यार्देन नदीतून वर येताच आकाशातून वाणी होते: तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर येशूने काय केलं होतं? एकही दृष्टांत सांगितला नव्हता, एकही रोगी बरा केला नव्हता, शिष्य जमवले नव्हते. शुभवर्तमान लिहिणारा लूक म्हणतो वय सुमारे तीस. इतकी वर्षं नासरेथात गेली, सुतारकामात. म्हणजे बापाने संतोष व्यक्त केला तो सगळ्या कामाच्या आधी.

आणि लगेच पुढे काय होतं ते मुलांना जरूर दाखवा. अरण्यात सैतान येतो आणि त्याचं पहिलं बोलणं असं: तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर. आधी करून दाखव, मग तू कोण ते ठरेल. तुमच्या विद्यार्थिनीच्या मनात नेमका हाच आवाज बोलतोय. येशू तिथे काहीही सिद्ध करत बसत नाही. त्याला जे सांगितलं गेलंय त्यावर तो उभा राहतो.

प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याने १५१८ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या वादसभेत २८ धर्मशास्त्रीय मुद्दे मांडले होते. त्यातला शेवटचा मला फार जवळचा वाटतो. देवाचं प्रेम आवडण्याजोगं काही सापडतंय का हे शोधत फिरत नाही. ते ज्याच्यावर बसतं त्यालाच आवडण्याजोगं करतं. माणसाच्या प्रेमाचं उलट असतं, ते आधी गुण बघतं. दहावीच्या मुलांनी आजवर बहुतेक ठिकाणी हे दुसरंच अनुभवलंय, म्हणून पहिलं त्यांना खरं वाटत नाही.

घोडबंदरची_मावशी

आमच्या एका शिबिरात वक्त्यांनी पाचशेची नोट दाखवली होती. चुरगळली, पायाखाली घातली आणि विचारलं, आता कुणाला हवी? सगळ्यांचे हात वर. मग म्हणाले, तुमचंही असंच आहे, कितीही तुडवले गेलात तरी किंमत तीच. मुलांना पटकन कळतं. करून बघा.

पाळकांची_लेक (नेरूळ)

मावशी, राग मानू नका, पण हा दाखला या मुलांपुढे नको. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटांचं काय झालं हे त्यांना माहीत आहे. कोरी करकरीत नोटसुद्धा एका घोषणेने कागद झाली. हुशार पोर पहिल्या मिनिटाला हेच विचारेल.

आणि मला त्याहून मोठी अडचण वाटते. नोटेला मोल असतं ते तिने काहीतरी विकत घेता येतं म्हणून. माणसाकडे आपण तसंच बघायला लागलो तर आजारी आजोबा, गतिमंद मूल, काम सुटलेला बाप, यांचं काय?

ऐरोलीकर

पटलं. फक्त एक भर घालतो. नोट रद्द झाली कारण वचन देणाऱ्याने वचन मागे घेतलं. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात प्रेषित पौल इस्राएलाविषयी सांगतो की देव आपली दानं आणि आपलं बोलावणं मागे घेत नाही. तेवढा फरक स्पष्ट करून दाखवता आला तर नोट चालेल. पण तुमचा दुसरा मुद्दा त्याहून वजनदार आहे, त्याला माझ्याकडे तोड नाही.

वाशीगाव_निवृत्त_शिक्षक

पाळकांच्या लेकीने जे म्हटलं तेच कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात म्हटलं आहे: या पृथ्वीवर माणूस हा एकच प्राणी असा की देवाने तो त्याच्या स्वतःसाठीच इच्छिला. कशाच्या तरी उपयोगासाठी नव्हे. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथातला ३५७ वा परिच्छेद काढा. देवाच्या प्रतिरूपात घडल्यामुळे माणूस 'काहीतरी' नाही, 'कुणीतरी' आहे, असं तिथे म्हटलंय. मुलांना हा परिच्छेद जड जात नाही, हा माझा शिकवण्यातला अनुभव आहे.

आता त्या मुलीचा खरा प्रश्न. ती प्रार्थना कुठून आली ते आधी सांगा. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय. कफर्णहूम गाव, रोमी सैन्याचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी. यहुदी लोकांच्या दृष्टीने परका, वर सत्ता गाजवणारा. तो येशूकडे येतो ते स्वतःसाठी नाही, घरी खितपत पडलेल्या चाकरासाठी. त्या काळात चाकर म्हणजे घरातल्या सामानासारखा. आजारी पडला तर दुसरा आणायचा. या माणसाला तो एक चाकर इतका मोलाचा वाटतो की तो भर गावात एका यहुदी सुतारापुढे विनवणी करतो. येशू म्हणतो, मी येतो. त्यावर याचं उत्तर: माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी योग्यता नाही, शब्द मात्र बोल.

येशू त्यावर काय करतो? मान डोलावून "बरोबर, तुझी योग्यता नाहीच" असं म्हणत नाही. तो थक्क होतो. एवढा विश्वास इस्राएलातही बघितला नाही म्हणतो. चाकर त्याच घटकेला बरा होतो.

तेव्हा त्या मुलीला सांगा, वाक्य अर्ध्यावर सोडू नकोस. आपण ते म्हणतो आणि लगेच रांगेत उभे राहतो. रांगेत गुणपत्रिका कुणी मागत नाही. येणारा आपल्या कर्तबगारीवर येत नाही एवढंच ती प्रार्थना सांगते, आणि त्यात केवढी मोकळीक आहे! जे कमावलंच नाही ते कमी मार्कांनी गमावणार कसं?

आणखी एक. आपल्याकडे स्वतःला घालून पाडून बोलणं म्हणजे नम्रता असा समज मुरलाय, चर्चमध्ये तर जास्तच. पौल रोमकरांस १२:३ मध्ये सांगतो की आपल्या योग्यतेपेक्षा स्वतःला मोठं समजू नका, शुद्धीवर राहून विचार करा. शुद्धीवर राहून, हे शब्द महत्त्वाचे. ज्या मुलीला वाचन उत्तम येतं तिने "मला काहीच येत नाही" म्हणणं ही नम्रता नव्हे, ते खरं बोलणं नव्हे. क्लेर्व्होचे संत बर्नार्ड यांनी बाराव्या शतकात प्रेमाच्या चार पायऱ्या सांगितल्या. देवासाठी देवावर प्रेम ही तिसरी. मग चौथी, सगळ्यात वरची कुठली? देवासाठी स्वतःवर प्रेम. मला तरुणपणी हे वाचून धक्का बसला होता.

घोडबंदरची_मावशी

काका, फार छान उलगडलंत. नोटेचा हट्ट मी सोडते.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया मुलांना सांगता येतील. येशूसंघात (जेझुइट धर्मसंघात) जायची त्यांची फार इच्छा होती, तिथे घेतलं गेलं नाही. व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून गेले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर मरण आलं, १८६२ मध्ये संतपद मिळालं. पहिल्या यादीत नाव न लागलेला आपल्या भागातला मुलगा!

पाळकांची_लेक (नेरूळ)

गोष्ट सुंदर आहे मावशी. पण शेवटी संत झाले म्हणून मोलाचे, असा अर्थ मुलं काढतील, तेवढं सांभाळावं लागेल. संतपद मिळालं नसतं तरी ते तेवढेच मोलाचे होते.

मला वाटतं चिमण्या पुरेशा आहेत. मत्तयात दमडीला दोन चिमण्या मिळतात. लूकमध्ये दोन दमड्यांना पाच. म्हणजे चारांवर एक फुकट, जिला बाजारात अर्ध्या दमडीचाही भाव नाही. आणि लूक नेमकं तिथेच लिहितो की त्यांच्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही.

कोपरखैरणे_साइट

मी बांधकामावर सुपरवायझर आहे. पहाटे कामगार नाक्यावरून माणसं उचलणं हे माझं रोजचं काम, म्हणून मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दृष्टांत मला वेगळा दिसतो.

नाक्यावर सात-साडेसातपर्यंत गर्दी असते. गवंडी थापी-ओळंबा पिशवीत घालून, रंगारी ब्रशची बादली घेऊन, बाया घमेलं घेऊन. मुकादम आधी तरण्यांना उचलतो. मग ओळखीच्यांना. दहा वाजता जे उरतात ते कोण असतात? केस पिकलेले, एखादा हात दुखावलेला, नवीन आलेला ज्याची भाषा कळत नाही, काखेत मूल असलेली बाई. त्यांना कळलेलं असतं की आज काम नाही. तरी लगेच घरी जात नाहीत. डबा तिथेच दुभाजकाच्या कडेला बसून खातात. एकदा एका काकांना मी विचारलं, ऊन चढलंय, जात का नाही? म्हणाले, "एवढ्या लवकर गेलो तर शेजारच्यांना कळतं, आज आपल्याला कुणी घेतलं नाही."

दृष्टांतात मालक संध्याकाळी पाचला नाक्यावर जातो आणि विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. आळशी होते असं येशू म्हणत नाही. कुणी निवडलं नाही, एवढंच. त्यांना तो मळ्यात पाठवतो आणि एका तासाच्या कामाला पूर्ण दिनार देतो. दिनार म्हणजे त्या काळची दिवसभराची मजुरी, घरची चूल पेटेल एवढी. सकाळी सहाला आलेल्यांना राग येतो. त्यांची तक्रार नीट वाचा: तुम्ही यांना आमच्या बरोबरीचं केलं! पैसे कमी मिळाले अशी तक्रार नाही, ठरलेले पूर्ण मिळालेत. खुपलं ते बरोबरीचं होणं.

अकरावीच्या याद्या आणि आमचा नाका, मला फारसा फरक वाटत नाही. तुमच्या वर्गातल्या मागच्या बाकांवरच्या मुलांना हा अध्याय वाचून दाखवा. आणि पुढच्या बाकांवरच्यांना तर नक्कीच.

मासुंदाकाठ (ठाणे)

दादा, तुम्ही जे नाक्यावरच्या काकांचं लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. रविवारचा उतारा ठरला.

नेरूळ_नर्स

सगळ्यांचं वाचलं, मनापासून पटलं. एक गोष्ट मात्र मला सांगायलाच हवी. ताई, ती मुलगी नीट जेवते का? झोपते का? मैत्रिणींशी बोलते का? आवडीच्या गोष्टी देऊन टाकणं, "मी नसले तरी काय फरक पडतो" अशा धर्तीचं बोलणं, दिवसच्या दिवस खोलीत बसून राहणं, असं काही दिसलं तर वर्गाच्या रविवारची वाट बघू नका. त्याच दिवशी आईवडिलांशी बोला. तिलाही सरळ विचारा, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? विचारल्याने डोक्यात नसलेलं काही शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

नैराश्य हा आजार आहे. विश्वास कमी पडला म्हणून झाला, जास्त प्रार्थना कर, असं कृपा करून कुणी म्हणू नका. एलियासारखा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. पहिले राजे, १९वा अध्याय.

मासुंदाकाठ (ठाणे)

फार महत्त्वाचं लिहिलंत. मी काल तिच्या घरी जाऊन आले. तुम्ही सांगितलेलं सगळं विचारलं, सरळ शब्दांतही विचारलं. जेवण-झोप ठीक आहे, मैत्रिणी येतात-जातात, तसे विचार नाहीत असं ती म्हणाली. लाज मात्र फार बसली आहे. तिची आई आणि मी, दोघी लक्ष ठेवून आहोत. क्रमांक तिच्या आणि आईच्या, दोघींच्या फोनमध्ये घातलाय.

सानपाडा_वाचक

मी ख्रिस्ती नाही, पण माझाही मुलगा यंदा दहावीला होता म्हणून धागा वाचतोय. प्रामाणिक शंका आहे. मोल आधीच मिळालेलं असेल, काहीही केलं तरी कमी होणार नसेल, तर मूल अभ्यास कशाला करेल?

ऐरोलीकर

शंका योग्य आहे, पौलालाही लोकांनी जवळजवळ हीच विचारली होती. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात क्रम बघा. कृपेने तारण झालंय, कर्मांनी नाही, म्हणजे कुणी बढाई मारू नये. आणि पुढच्याच ओळीत: आपण त्याच्या हातची कृती आहोत, सत्कर्मं करण्यासाठी घडवलेली. कामं आहेतच, फक्त ती मोल मिळवायला करायची नाहीत.

घाबरलेलं मूल अभ्यास करतं तेव्हा ते नापास न होण्यासाठी करतं. जरा अवघड विषय आला की सोडून देतं, कारण हरलं तर आपण कुणीच नाही अशी भीती. ज्याचं मोल पणाला लागलेलं नाही ते मूल अवघड विषयाला हात घालतं.

याचं आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायांना घेऊन आल्या. कोण होत्या त्या? बालविधवा, नवऱ्याला खाल्लं म्हणून हिणवलेल्या. उपाशी, अंगावर चिंध्या असलेल्या. काहींवर अत्याचार झालेले. काही आंधळ्या. त्या काळच्या समाजाच्या हिशेबात यांची बाकी शून्य होती. रमाबाई स्वतः विधवा, त्यांना हा हिशेब आतून ठाऊक होता.

मुक्तीत त्यांना आधी आसरा मिळाला, मग शिक्षण. विणकाम, शेती, दुग्धशाळा, छापखाना. आंधळ्या मुलींना ब्रेलमधून वाचायला शिकवलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं, बायकांना कळेल असं. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या, १९२४ मध्ये ते ग्रंथरूपाने बाहेर आलं. त्याचे खिळे (छपाईची अक्षरं) जुळवले, पानं छापली ती मुक्तीतल्या बायकांनीच. जिला घरात पांढऱ्या पायाची म्हणून समोर येऊ देत नव्हते, तिने उत्पत्तीचा पहिला अध्याय खिळ्याखिळ्याने उभा केला: देवाने आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य निर्माण केला, नर व नारी असे निर्माण केले. काम नंतर आलं, आणि किती ताकदीचं आलं.

आमच्या घरी हा विषय आजोबांपासून आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला 'तूही देवाच्या प्रतिरूपाचा' हे कुणीतरी पहिल्यांदा सांगणं म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडून ऐकलंय. म्हणून या गोष्टीला कुणी मनाची समजूत म्हटलं की मला सहन होत नाही.

सानपाडा_वाचक

आभारी आहे. "मोल पणाला लागलेलं नाही" हे मी मुलाशी बोलेन.

वाशीगाव_निवृत्त_शिक्षक

ऐरोलीकर, तुमचं लिखाण मी मुलांना वाचून दाखवणार आहे. जोडीला एक. एप्रिल २०२४ मध्ये व्हॅटिकनने मानवी प्रतिष्ठेवर 'डिग्निटास इन्फिनिटा' हा दस्तऐवज काढला. त्यात प्रतिष्ठेचे चार अर्थ वेगळे केलेत. माणूस असण्यातली मूळ प्रतिष्ठा, वागणुकीतून दिसणारी नैतिक, परिस्थितीने मिळणारी सामाजिक आणि माणसाला स्वतःला आतून जाणवणारी. शेवटच्या तिन्ही कमी-जास्त होतात. पहिली होत नाही. त्या मुलीची चौथी ढासळली आहे आणि तिला वाटतंय पहिलीच गेली.

पाळकांची_लेक (नेरूळ)

मग आता मला अवघड बोलायचंय. चौथी ढासळते कारण तिसरी आपण ढासळवतो. निकालानंतर आपल्या बहुतेक चर्चमध्ये गुणगौरव समारंभ होतो. पंच्याऐंशीच्या वरच्यांना पुष्पगुच्छ, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. वेदीपुढे! ज्या जागी सगळे एका भाकरीचे वाटेकरी होतात त्याच जागी आपण टक्क्यांची रेघ ओढतो आणि मग वर्गात येऊन सांगतो की देव मार्क बघत नाही.

घोडबंदरची_मावशी

हे जरा जास्त होतंय. मुलांनी रात्रीचा दिवस केलेला असतो. आमच्या शेजारची मुलगी एका खोलीत पाच जणांत अभ्यास करून ब्याण्णव टक्क्यांना पोचली. तिचं कौतुक करायचं नाही?

पाळकांची_लेक (नेरूळ)

करायचं, आणि भरभरून. सभागृहात करा, घरी जेवायला बोलवा, फीला हातभार लावा. माझं म्हणणं वेदीपुढच्या जागेबद्दल आहे. शिवाय ती मुलगी एका खोलीत पाच जणांत अभ्यास करत होती, तशाच खोलीतून पंचावन्न टक्के आणणाऱ्या मुलाची मेहनत कमी होती हे कशावरून?

मासुंदाकाठ (ठाणे)

या मुद्द्यावर मी लेकीच्या बाजूने आहे. मावशींचं दुखणंही कळतं. आमच्याकडेही समारंभ ठरलाय. मी फादरांना भेटले. मिस्सात दहावी-बारावी दिलेल्या सगळ्या मुलांना पुढे बोलावून एकत्र आशीर्वाद द्यावा, पास-नापास न बघता, आणि बक्षिसं नंतर सभागृहात द्यावीत असं सुचवलं. फादरांनी विचार करतो म्हटलंय. धर्मग्राम समितीत विरोध होईल. तिथेही मी बोलणार आहे.

त्या मुलीला शताधिपतीची पूर्ण गोष्ट सांगितली. चाकर बरा होतो इथपर्यंत. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे ते वाक्य बोलणाऱ्याला येशूने शाबासकी दिली?" मी हो म्हटलं. वाचनाच्या यादीबद्दल मी काही काढलं नाही, तिनेही नाही. घाई करणार नाही.

ऐरोलीकर, येत्या रविवारी वर्गात मुक्ती मिशनबद्दल बोलायला याल का? वर्ग मिस्सानंतर असतो, साधारण साडेअकराला. कोपरखैरणेच्या दादांनाही आमंत्रण आहे, द्राक्षमळा त्यांनीच सांगावा असं मला वाटतं.

ऐरोलीकर

आमची उपासना साडेदहाला सुटते. ऐरोलीहून ठाण्याची लोकल धरली की वेळेत पोचतो. मुलांना हाताळायला रमाबाईंच्या भाषांतराची प्रत आणतो, घरात जुनी आहे.

कोपरखैरणे_साइट

रविवारी आमचा स्लॅब आहे, साइट सोडता येणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी चालेल का? मला भाषण वगैरे जमत नाही, पण नाक्यावर काय बघतो ते सांगेन.

मासुंदाकाठ (ठाणे)

चालेल, पुढच्या रविवारी या. तेच सांगा.